हरकत क्रमांक एकशे अठ्ठ्याऐंशी

शिवदास नाखव्याने चहाचा कप अर्धा संपवून एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरची हरकत वाचायला घेतली, तेव्हा मंगळवारचे बारा वाजायला आले होते, कचेरीतला पंखा नेहमीसारखा कुरकुरत होता, आणि शिवदासला बहीण नव्हती. एक्कावन्न वर्षांत कधी नव्हती. भाऊबीजेला मावशीच्या मुली ओवाळायच्या, त्यावर भागायचं. आणि आता कागदावर टाइप केलेल्या स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं, 'या जागेत माझी मुलगी आहे. अकरा दिवसांची होती. बारशाच्या आदल्या दिवशी गेली, म्हणून नाव ठेवायचं राहिलं. आमच्यात एवढ्या लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात. खळ्याच्या वरच्या अंगाला, भरतीचं पाणी पोचत नाही तिथे, तिच्या बापाने हाताने वाळू उकरली. त्या जागेवर मी कधी मासळी वाळत घातली नाही. आता तिथे जेट्टीचा खांब येणार म्हणता. माझी हरकत आहे.' शिवदासने वर नाव पाहिलं. आवडाबाई जनार्दन नाखवा, वय चौऱ्याहत्तर, राहणार बुरुजपाडा. खाली अंगठा. अंगठ्याच्या ठशातून एक तिरपी पांढरी रेघ गेलेली. मासे कापताना कोयती लागली होती त्याची ती खूण, शिवदास तेव्हा पाचवीत होता आणि त्यानेच हळद दाबून धरली होती. म्हणजे अंगठा आईचाच. त्यात वादच नाही. मग पुढची ओळ त्याने वाचली आणि त्याचं डोकंच चालेना. 'पुढे तिचा बाप तुफानात गेला. होडी सापडली, माणूस सापडला नाही.' अरे, माणूस सापडला नाही कसा? बाबा दवाखान्यात गेला, काविळीने, खिडकीपासून तिसऱ्या खाटेवर, आणि शिवदास त्याच्या उशाशी उसाच्या रसाचा पेला धरून बसला होता. चहावर साय धरली. तो तसाच बाजूला सारून त्याने तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

हे प्रकरण होतं असं. बुरुजपाड्याचं खळं, म्हणजे गावाची मासळी सुकवायची किनाऱ्यावरची जागा, तिथे नवी जेट्टी बांधायचं ठरलं होतं. मांडव्याच्या अलीकडे बंगले झालेत ना, त्यांच्या खासगी बोटी लागायला. जाहीर नोटीस निघाली, तीस दिवसांत हरकती मागवल्या. सहा वर्षांपूर्वी अशीच एक नोटीस निघाली होती, तेव्हा गावाने एक मजकूर लिहवून घेतला, त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि चारशे बारा माणसांनी सह्या-अंगठे केले. पण कचेरीचा रिवाज असा की एकाच मजकुराच्या हरकती कितीही आल्या तरी ती एकच हरकत. 'अर्ज चारशे बारा, मजकूर समान, सबब हरकत एक,' ही टिपणी लिहिली होती शिवदासनेच, आणि सुवाच्य लिहिली म्हणून साहेबांनी मान डोलावली होती. पुढे ते काम आपोआप बारगळलं, पण गाव काही ते विसरलं नाही. यंदा आल्या तीनशे बारा हरकती, आणि एकीचा मजकूर दुसरीला जुळेल तर शपथ. नवे साहेब पुण्याचे, वाचणारे. त्यांनी चार चाळल्या आणि म्हणाले, नाखवे, मला एवढं चांगलं लिहिता येत नाही, हे कोळणींनी लिहिलंय? हे कॉम्प्युटरने लिहिलंय. तपासा. एका अर्जातली एक गोष्ट जरी धडधडीत खोटी निघाली तरी तशी टीप द्या, सगळा गठ्ठा बनावट म्हणून बाजूला काढू. शुक्रवारी सुनावणी होती. टीप गुरुवारी संध्याकाळपर्यंत द्यायची होती. आणि मंगळवारीच शिवदासच्या हातात ती धडधडीत खोटी गोष्ट आली होती, आईच्या अंगठ्यासकट.

आधीच्या एकशे सत्त्याऐंशी त्याने सोमवारपासून वाचल्या होत्या आणि खरं सांगायचं तर तपासायच्या म्हणून वाचल्याच नव्हत्या. पहिल्या दहाएक झाल्यावर तो गोष्टी वाचाव्या तसा वाचत सुटला होता. चंद्राबाईने लिहिलं होतं की वारा फिरला की आधी माझ्या गुडघ्याला कळतं, मग रेडिओला. गोदूबाईने लिहिलं होतं की माझा नवरा मेल्यावर त्याच्या सदऱ्याचा वास गेला, पण खळ्यावर बसलं की तो वास येतो, जेट्टीला तसा वास येईल का ते कळवावं. कळवावं, म्हणे. शिवदासला हसू आलं होतं आणि हसता हसता त्याने ती ओळ पुन्हा वाचली होती. अठ्ठावीस वर्षं त्याने या टेबलावर बसून सदर, सबब, उपरोक्त, नियमानुसार कार्यवाही असं लिहिलं, ते लिहायला खरं तर माणूस कशाला हवा होता? आणि इकडे कुठलंसं यंत्र गोदूबाईचा सदरा लिहीत होतं. त्याला मत्सर वाटला. यंत्राचा मत्सर करणं हा मूर्खपणा आहे हे कळूनही वाटला. मग मंगळवारी दुपारी उरलेल्याही वाचून काढत त्याने कारकुनाच्या नजरेने शिवण शोधायला घेतली, आणि सापडली ती अशी: प्रत्येक हरकतीत एक वास होता, एक आकडा होता, आणि एक मेलेलं माणूस होतं. तीनशे बारांत तीनशे बारा मेलेली माणसं. गावात मेलेल्यांची काही वाण नाही, पण प्रत्येकीला नेमकं एकेक? यंत्राला तशी खोडच असली पाहिजे. म्हणजे आईच्या वाट्यालाही त्याने एक दिलं असेल, वर आणखी एक दिलं असेल. हा विचार सुटसुटीत होता. त्याने तो घरी पोचेपर्यंत धरून ठेवला, पण घरी जेवताना नूतनने, बायकोने, काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा तो एकदम म्हणाला की माझ्या आईला किती मुलं झाली असतील गं? नूतनने त्याच्याकडे पाहिलं आणि आमटी वाढली.

बुधवारी त्याने रजा टाकली आणि आधी मांडव्याला गेला, कारण हे सगळं जिने केलं ती रचना तिथे तिकिटाच्या खिडकीत बसते. नामा मासळीवाल्याची मुलगी, पनवेलला कॉम्प्युटर शिकलेली. मुंबईची बोट सुटली आणि गर्दी ओसरली तशी ती बाहेर आली, जेट्टीच्या कठड्याला टेकली, आणि शिवदासने काही विचारायच्या आधीच म्हणाली की काका, तुमच्या कचेरीला वेगवेगळा मजकूर पाहिजे होता ना, घ्या. तिने सांगितलं ते एवढंच. फोनवर एक बॉट बनवला. बाईने फोन धरायचा आणि बोलायचं, बॉट प्रश्न विचारतो, ऐकून घेतो आणि अर्ज लिहितो. आवाज बाईचा ठेवला, आमच्या बोलीत बोलणारा. बाया त्याला फोनातली बाय म्हणतात. पहिल्या दिवशी कुणी बोलेना, चौथ्या दिवशी रांग लागली, एकेक बाई फोन घेऊन होडीच्या आडोशाला जाऊन बसायची. हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता की शिवदासला विचारायला जड गेलं. तरी त्याने विचारलं. जे सांगितलं तेवढंच लिहितं का ते? रचनाने केस कानामागे घेतले. बहुतेक, ती म्हणाली. कुणी गप्प राहिलं तर ते थोडं जोडतं. कधी एकीचं दुसरीला लागतं. कुठे जोडलं ते मलापण नाही कळत, काका. मग आवाज ऐकव, शिवदास म्हणाला, एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरचा आवाज ऐकव. आवाज नव्हते. बायांनी अटच घातली होती की आमचं बोलणं कुणी ऐकायचं नाही, म्हणून अर्ज झाला की आवाज आपोआप पुसला जायचा. उरला तो फक्त मजकूर. "घरीच विचारा ना," रचना म्हणाली. "बुरुजपाडा काय लांब आहे?"

लांब नव्हता. सहा आसनी रिक्षाने वीस मिनिटं. पण शिवदास तीन महिन्यांत गेला नव्हता, आणि आता रिक्षात कोपऱ्यात अंग चोरून बसल्यावर त्याला वाटायला लागलं की आपण आईला काय विचारायला चाललोय? तुला मुलगी झाली होती का? असं कुठला मुलगा विचारतो? मावशीला विचारलं असतं, पण मावशी गेली. आत्या गेली. ज्यांना माहीत असेल ती सगळी माणसं आता अर्जांत घालण्याजोगी झाली होती. त्याने खळं आठवून पाहिलं. बांबूच्या आडव्या काठ्यांवर लटकलेले बोंबील, खाली जाळ्यावर पसरलेला जवळा, कावळ्यांवर नजर ठेवून बसलेल्या बाया. वरच्या अंगाला एखादी मोकळी जागा होती का? होती, असं वाटलं. मग वाटलं, कागदात वाचलं म्हणून आता दिसतेय. डोळ्यांपुढे धरावी तर ती जागा कधी डावीकडे, कधी उजवीकडे. फाट्यावर तो उतरला तेव्हा बाकावर बसलेल्या दादू म्हाताऱ्याने हाक मारली, "काय कोंडाजी, आज वाट चुकलास?" आणि शिवदास रस्त्यातच उभा राहिला. कोंडाजी हे त्याचं पाळण्यातलं नाव. शिवदास शाळेत घातलं तेव्हाचं. आजोबांचं नाव म्हणून ठेवलं असं तो समजत आला होता, पण आजोबांचं नाव तर होतं पांडुरंग! हे त्याला माहीत होतं, सगळ्या कागदांवर होतं, आणि तरी एक्कावन्न वर्षांत दोन्ही गोष्टी कधी त्याने शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. आधीचं मूल दगावलं की पुढच्याला असंच काहीतरी टाकाऊ नाव ठेवतात, दगडू, केरू, कोंडाजी. नजर लागू नये, देवानेसुद्धा हा कोंडा म्हणून सोडून द्यावा. शेजारच्या वाडीत दोन दगडू होते, त्यांच्याबद्दल त्याला हे ठाऊक होतं. स्वतःबद्दल कधी मनात आलं नाही. पण मग त्याला हेही आठवलं की पणजोबा की चुलत आजोबा, कुणीतरी कोंडाजी होते, होडी हाकणारे मोठे नावाजलेले तांडेल होते म्हणे. की हे आपण आत्ताच जुळवतोय? यंत्र जोडतं म्हणे. माणूस काय करतो मग? तो दादूशी दोन शब्द बोलला आणि काय बोलला ते पुढच्या वळणावर विसरला.

आई ओट्यावर जवळा निवडत बसली होती. शिवदासला पाहून तिने पदराने घाम पुसला, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि हात पुन्हा सुपात घातले. तो बराच वेळ नूतनचं, गुडघ्याचं, गॅसच्या टाकीचं बोलला. शेवटी त्याने खिशातून झेरॉक्स काढली आणि म्हणाला की तुझा अर्ज आलाय, वाचून दाखवू का? ती वाच म्हणाली. त्याने वाचला. स्वतःच्या आईला तिच्याच तोंडचं वाचून दाखवताना त्याने ओळीखाली बोट धरलं होतं आणि आईचे हात एका लयीत चालले होते, बारीक खेकडा बाजूला, काडी बाजूला. अकरा दिवसांची मुलगी आली आणि गेली, हात चालूच. तुफान आलं. तिथे तो थांबला.

"आये, बाबा तुफानात नाय गेला."

"मना म्हाईत हाय. मी व्हती ना तिथं."

"मग असं कशाला सांगितलंस?"

आईने सूप खाली ठेवलं. तिला राग आला नव्हता, शरमही वाटली नव्हती. समजावून सांगायच्या सुरात ती म्हणाली, "फोनातल्या बायनं इचारलं, आये, तुजा घरवाला कसा गेला? आता खाटंवर गेला, पिवला पडून, असं सांगू? दर्याचा मानूस त्यो. मी त्याला तुफानात घातला."

म्हणजे यंत्राने जोडलं नव्हतं. यंत्राने ऐकलं तसं लिहिलं होतं. खोटं बोलली होती ती आई, आणि नवऱ्याच्या मायेपोटी बोलली होती, नऊ दिवस त्या खाटेशी बसून जे तिला बघावं लागलं ते पुसायला. शिवदासला बरं वाटलं, पण क्षणभरच. बापाचं मरण जिने रचलं तिने लेकीचंही रचलं असेल. नाहीतर बापाचं रचलं आणि लेकीचं खरं सांगितलं असेल. दोन्ही एकाच तोंडचं, एकाच अंगठ्याखालचं, एकाच अक्षरात छापलेलं. आणि तिने फोनातल्या त्या बायचा उल्लेख किती लाडाने केला! ती मना आये म्हनली, असं आई आणखी दोनदा म्हणाली, पोरीचा आवाज, मना आये म्हनली. लेकीचा आवाज ऐकून लेक आठवली, की लेकीचा आवाज ऐकून लेक झाली? शिवदासने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग त्याने विचारलं, मुलीचं काय?

आईने कागदाकडे बोट केलं. "त्यात तिचं नाव लिवलंय का?"

"नाव ठेवायचं राहिलं, असं लिहिलंय."

"मी सांगितलं व्हतं त्या बायला," आई म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज फाटला. "नलू. दोनदा सांगितलं. तिनं न्हाय लिवलं."

पुढे ती बोलली ते तुटक तुटक. बारशाआधी नाव घेऊ नये म्हणून तिने कुणाला सांगितलं नव्हतं, मनातल्या मनात हाक मारायची, पाजताना. कधीची गोष्ट, शिवदासने विचारलं, तेव्हा म्हणाली की तुझ्या आधीची. मग आत जाऊन चहा टाकला आणि आतूनच म्हणाली की तू तवा पाळण्यात व्हतास, तू रडायचास म्हणून तिना नीट पाजता न्हाय आलं. आये, आधी की नंतर? आत ती कप विसळत होती. त्याला तिचा राग आला, मग स्वतःचा. पन्नास वर्षं घरात ठेवलेली गोष्ट तिने मुलाला सांगितली नाही आणि एका फोनला सांगितली. त्याने ते तसंच विचारलं, मला का नाही सांगितलंस? आई चहा घेऊन बाहेर आली. "तू कचेरीतला. तुना कागद लागतो," ती म्हणाली. आणि मग कप त्याच्या हातात देत म्हणाली, "तूच बोललास ना मागं, कचेरीत कोन वाचत न्हाय, नुसतं मोजतात. म्हनून तर सांगितलं. तू वाचशील ते मना काय ठावं?" बोलला होता तो तसं. झेरॉक्सच्या वेळी, हसत हसत, याच ओट्यावर. त्याने चहा घेतला. गोड जास्त झाला होता. निघताना तो खळ्याच्या वरच्या अंगाला गेला, तर तिथे सगळीकडेच मासळी पसरलेली होती, आणि आईची नेमकी जागा कोणती ते त्याला कळेना. एका बाईने विचारलं, काय शोधताव, तो म्हणाला काही नाही.

गुरुवारी सकाळी त्याने कागद पुढे ओढला आणि दुपारी दोनपर्यंत एक ओळ लिहिली नाही. त्याला ठामपणे एकच गोष्ट माहीत होती आणि ती खोटी होती. दुसरी खरी असेल तर असेल, तिला ना जन्माचा दाखला, ना मरणाचा, ना साक्षीदार. नियमाने बघायचं तर एकशे अठ्ठ्याऐंशी बनावट ठरते, आणि ती ठरली की चंद्राबाईचा गुडघा, गोदूबाईचा सदरा, सगळंच जातं. दोन ओळींचं काम, लिहिली की सुटला. आणि लिहिलं नाही तर खोट्यावर सही. अठ्ठावीस वर्षांत त्याने तसं केलं नव्हतं, निदान त्याला तसं वाटत होतं. पण मग चारशे बारा माणसं मिळून एक, हे खरं होतं का? त्याखाली सही कुणाची होती? अडीच वाजता त्याने लिहायला सुरुवात केली आणि हाताने लिहिलं, टाइप केलं नाही. 'अर्ज तीनशे बारा. सर्व वाचले. मजकूर समान नाही. सबब हरकती तीनशे बारा.' मग थांबला. बापाच्या मरणाला त्याने हात लावला नाही, त्याला तुफानातच राहू दिलं. खाली लिहिलं, 'अर्ज क्रमांक एकशे अठ्ठ्याऐंशीच्या अर्जदार माझी आई आहेत. त्या अर्जात एक दुरुस्ती आहे. नाव ठेवायचे राहिले, हे चूक आहे. मुलीचे नाव नलू जनार्दन नाखवा.' सही केली. साहेबांकडे न्यायच्या आधी तो आवक-जावकच्या टेबलाशी गेला, शिक्का मारून घेतला आणि वहीत नंबर टाकून घेतला, म्हणजे मग तो कागद कुणाला नव्हता म्हणता येत नाही. एवढं त्याला नोकरीत कळलं होतं.

साहेबांनी उभ्या उभ्या वाचलं. शिक्क्यावर बोट टेकवलं. आई अर्जदार आहे हे आधी सांगायला हवं होतं, असं मग म्हणाले, आणि ते बरोबरच होतं, उद्यापासून हे प्रकरण आपल्याकडे नसणार हे शिवदासला कळलं. टीप मात्र दप्तरी लागली होती. उद्या सुनावणीला तीनशे बारा नावं एकेक करून पुकारावी लागणार होती. साहेब पुन्हा शेवटच्या ओळीशी आले. हे नाव अर्जात नाही, ते म्हणाले, नोंद कुठे नसणार, यंत्राने लिहिलेलं सोडून तुम्ही वर स्वतःचं घालताय. "याला आधार काय, नाखवे?"

"मी तिचा भाऊ," शिवदास म्हणाला.

थोरला की धाकटा, ते साहेबांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.